चौथा हिरवडोळ्या

लोणावळ्याहून परतलेल्या माणसाला रत्नागिरीत एकच प्रश्न विचारतात : चिक्की आणली का? मी मात्र जाताना चिक्की घेऊन गेलो आणि येताना एक खडा घेऊन आलो. तांदळाच्या दाण्याएवढा, पांढरट. शेजारच्यांना तो दाखवला तर त्यांनी चष्मा वर-खाली करून पाहिला आणि मुतखडा कधी झाला होता म्हणून काळजीने विचारलं. तेव्हा हकीकत एकदा पहिल्यापासून सांगून टाकलेली बरी.

गेल्या वर्षी याच दिवाळी अंकात माझा एक लेख आला होता. मी जन्मभर मासळीच्या सर्वेक्षणाचं काम केलं. तीसेक वर्षांपूर्वी आमचं जहाज रत्नागिरीपासून दूर, जिथे समुद्राचा तळ एकदम उतरत जातो तिथे, चारशे मीटर खोल जाळं ओढत होतं. त्या ओढीत चार मासे आले, आम्ही पूर्वी कधी न पाहिलेले. वीतभर लांब, सडपातळ, पिवळट तपकिरी, आणि डोक्याच्या मानाने प्रचंड डोळे. ते डोळे उजेडात हिरवे चमकत. मराठीत त्यांना नाव नव्हतं, म्हणून मी त्यांना हिरवडोळ्या म्हणू लागलो. तीन मासे मी औषधी द्रावणाच्या बरणीत ठेवले. चौथा, सर्वांत मोठा, सकाळी ताजा असताना त्याचं चित्र काढावं म्हणून बर्फाच्या पेटीत ठेवला. सकाळी तो नव्हता. त्याबद्दल मी लेखात लिहिलं : “चौथा मासा आमच्या आचाऱ्याने, किसनने, कालवणात घातला. विज्ञानाचं इतकं रुचकर नुकसान दुसरं झालं नसेल.” हे वाक्य पुष्कळांना आवडलं. मलाही आवडलं होतं.

त्याच दिवाळीचा फराळ संपायचा होता तेवढ्यात फोन आला.

“नमस्कार, मी वैशाली. लोणावळ्याच्या शाळेत शिकवते. संपादकांकडून तुमचा नंबर घेतला. तुमच्या लेखातले किसन आचारी माझे वडील.”

मी दोनदा खाकरलो.

“बाबांनी निरोप दिलाय. म्हणाले, तो मासा आपल्याकडे आहे, येऊन घेऊन जा म्हणावं.”

आता हे सांगायलाच हवं. त्या सकाळी मी किसनला नुसतं बोललो नव्हतो, तर बंदराला लागताच लेखी तक्रार केली होती. किसन माझ्याहून दहा वर्षांनी मोठा. मी त्याला अरे-तुरे करत असे आणि तो मला साहेब म्हणे. तक्रारीनंतर त्याला जहाजावरून उतरवून किनाऱ्यावरच्या एका वसतिगृहाच्या स्वयंपाकघरात टाकलं. तो पुन्हा समुद्रावर गेला नाही. पाण्यात राहून माशाशी वैर करू नये म्हणतात. मी आचाऱ्याशी केलं आणि तीस वर्षांनी त्यावर विनोदही केला.

बायकोने दोन किलो सुके बोंबील बांधून दिले. “माफी मागायला रिकाम्या हाताने जाऊ नये,” म्हणाली. मला माफी हवीच होती. पण खोटं कशाला बोलू, मला मासाही हवा होता.

लोणावळा

संध्याकाळी पोचलो. दुसऱ्या दिवशी किसनच्या गावी, भाज्याला, जायचं होतं, म्हणून कड्यावरच्या त्या प्रसिद्ध टोकापर्यंत रिक्षाने जाऊन आलो. आम्ही कोकणातली माणसं सह्याद्रीला कायम खालून पाहतो. आमच्या लेखी तो भिंत आहे, तिच्यापलीकडे ‘घाटावरचे’ राहतात. इथे उलट, लोक भिंतीवर उभे राहून आमच्या बाजूचे फोटो काढत होते. मक्याचं कणीस खात मी कोकणाकडे पाहिलं. खाली धुकं साठलं होतं आणि त्यातून एकही ओळखीची गोष्ट दिसत नव्हती. एक बाई आपल्या नवऱ्याला म्हणाली, “खाली काही नाहीच.”

परतताना, बोंबील पुरेसे नाहीत असं वाटून, दुकानातून शेंगदाण्याच्या चिक्कीचे सहा पुडे घेतले. मनात अपराधीपण असलं की माणूस जास्त खरेदी करतो.

भाजे

सकाळच्या लोकलने एकच स्टेशन, मळवली. वैशाली फलाटावर उभी होती. द्रुतगती मार्गावरचा पूल ओलांडून पायी निघालो. भाताची कापणी उरकत आली होती. शेतांत पेंढ्या रचलेल्या, कुठे झोडणी चाललेली. इंद्रायणी तांदळाचा वास शिजताना येतो हे माहीत होतं, पण तो शेतातल्या ताज्या भातालाही येतो हे मला साठी उलटल्यावर कळलं.

वाटेत वैशालीने सांगितलं, “तुमचा लेख वाचनालयात कुणीतरी वाचला. मग गावात पसरलं. बाबा तीस वर्षं सगळ्यांना त्या माशाबद्दल सांगतात. आता पोरंसोरंही विचारतात, किसनआबा, चव कशी होती?”

मी बोंबलाची पिशवी या हातातून त्या हातात घेतली.

घरापुढे अंगण, सारवलेलं. भिंतीवर बुद्ध आणि बाबासाहेबांच्या तसबिरी, आणि त्यांच्या शेजारी आमच्या जहाजाचा फोटो, काचेत बसवलेला. किसन पायरीवर बसला होता. गुडघे गेलेले, दात गेलेले, पण बसण्याची तऱ्हा तीच, डुलत्या जहाजावर बसावं तशी, पाय फाकवून.

“या सायेब,” तो म्हणाला. “उशीर केलात.”

“हो, किसनभाऊ,” मी म्हणालो. भाऊ हा शब्द तीस वर्षं उशिरा तोंडातून आला.

मी बोंबलाची पिशवी पायरीवर ठेवली आणि गडबडीत चिक्कीचे पुडे पुढे केले. त्याने ते पाहिले, मग माझ्याकडे पाहिलं.

“लोनावळ्याची चिक्की भाज्याला? उद्या इंद्रायनीला घागरीनं पानी घालाल.” मग तोंड उघडून हिरड्या दाखवल्या. “आन् खाऊ कशानं?”

आतून त्याची बायको हिराबाई आल्या. त्या हसल्या नाहीत. “ह्यांनीच लिवलं का त्ये?” त्यांनी लेकीला विचारलं. ‘व्हय’ म्हटल्यावर माझ्याकडे वळून म्हणाल्या, “जेवाय बसा. दारी आल्यालं मानूस उपाशी घालवायची चाल न्हाई आमच्यात. बाकीचं मागनं.”

बाकीचं मागनं! त्या दोन शब्दांनी माझी भूक मरायला हवी होती, पण जेवणच असं होतं की मेली नाही. तांदळाची भाकरी आणि वांगं घातलेले सुके बोंबील. आम्ही बोंबलाला खोबऱ्याच्या वाटणात पोहायला लावतो. इथे लसूण, काळं तिखट आणि वांगं, बस. मी दोनदा मागून घेतलं. हिराबाईंनी वाढताना डाव थोडा भरूनच टाकला, तेवढ्यावर मी आशा धरली.

जेवणानंतर वैशालीने परसातल्या चुलीच्या वर टांगलेला एक पत्र्याचा डबा काढून आणला. झाकण उघडलं. आत भाताचा कोंडा, आणि कोंड्यात तो.

खारवलेला, वाळलेला, लाकडासारखा कडक. डोळे आत बसलेले, हिरवं काही उरलेलं नाही. पण खालचा जबडा वरच्यापेक्षा किंचित पुढे, पाठीवर मागच्या बाजूला तो लहानसा मांसल पर, जो बोंबलालाही असतो, कारण दोघं दूरचे भाऊबंद. सगळं जागच्या जागी. चार माशांपैकी सर्वांत मोठा. मला रडू आलं. ते माशासाठी की माझ्यासाठी, हे तेव्हा मी तपासलं नाही.

“रडता कशापायी? अजून तर सांगाय लागलो न्हाई,” किसनभाऊ म्हणाला, आणि मग सांगितलं.

“पेटीतला बरफ वितळला व्हता सायेब. मिशीन बंद पडल्यालं. पहाटं चहाला उठलो तवा बघितलं, मासा पान्यात पडल्याला, पोट सुटाय लागल्यालं. तुमी झोपलेले. म्हनलं आता ह्यो सकाळपतुर ऱ्हात न्हाई. आमची आई सुकट करायची तसा चिरला न्हाई, निस्ता मिठात घातला, डेकवर टांगला. तुमी आलात, इचारलंत, मासा कुटं. मी म्हनलं, म्या घेतला. फुडचं ऐकलंत कुटं?”

ऐकलं नव्हतं. पेटीत बर्फाचं पाणी झालेलं मी डोळ्यांनी पाहिलं होतं, हे मला आत्ता आठवलं. निरीक्षण हा माझा पेशा. पाहिलं, पण उचलली जीभ लावली टाळ्याला.

“मग नंतर का नाही दिलात?”

“केबिनीच्या दाराशी आलतो कागदात गुंडाळून. दार लावलंत तोंडावर. तक्रार झाल्यावर दिला आसता तर म्हनला आसता, भ्याला आन् परत केला.” “मार खाल्ला तरी चालतं सायेब. पर खायच्या वस्तूपायी चोर म्हनलात, त्ये लागलं.”

हिराबाई म्हणाल्या, “दर सालाला सुकटीसंगं ह्याला बी ऊन दाखवलं. माडीवर वैशी मांजार हाकत बसायची. ग्यास आला तरी ही चूल न्हाई मोडली, पावसाळ्यात डबा कुटं टांगनार?”

तीस पावसाळे. मी सरकारी खर्चाने बरणीत ठेवलेल्या तीन माशांचे डोळे पहिल्याच वर्षी उकडलेल्या अंड्यासारखे पांढरे झाले होते.

मी हात जोडले. म्हणालो, “किसनभाऊ, चुकलो. तेव्हाही आणि लिहिताना परत. मला माफ करा.”

“हितं चार भिंतीत माफी कुनाला दिसती?” तो शांतपणे म्हणाला. “जितं लिवलंत तितं लिवा. आन् त्याच्या आदी उद्या इसापूर चढा.”

“विसापूर? कशासाठी?”

“गावाला मी सांगतो, मासा किती खोल ऱ्हातो. तुमी पुस्तकात लिवता चारशे मीटर. चारशे मीटर म्हंजी काय, त्ये तुमाला तरी कुटं ठावं हाय?”

विसापूर

त्याचं म्हणणं असं : किल्ल्याचा माथा म्हणजे समुद्राचा पृष्ठभाग धरायचा. मग भाजे गाव जिथे आहे, तिथे हिरवडोळ्या राहतो. तीस वर्षं तो गावाला हेच सांगत आला होता, की आपण त्या माशाच्या दारात राहतो, फक्त वरचं पाणी नाही.

आम्ही सकाळी निघालो, मी आणि वैशाली. वाटेत लेणी लागली. चैत्याच्या कमानीला आतून लाकडी फासळ्या आहेत, फार जुन्या. मी मान वर करून पाहत राहिलो. वैशाली म्हणाली, “बाबा लहानपणी इथेच खेळायचे. देहूरोडच्या लष्करी डेपोच्या मेसमधून सुटून जहाजावर लागले, तेव्हा जहाजाच्या पोटात पहिल्यांदा उतरले आणि घाबरलेच नाहीत. म्हणाले, हे तर आपलं लेणं.” मी मावळच्या माणसाला समुद्र काय कळणार, असं जहाजावर अनेकदा म्हटलं होतं. तेही आठवलं.

पुढची चढण धोंड्यांची. अर्ध्या वाटेवर माझ्या चपलेचा अंगठा तुटला. वैशालीने ओढणीची किनार फाडून तो बांधून दिला, आणि शाळेतल्या पोराला विचारावं तसं “आता नीट चालाल ना?” म्हणून विचारलं. मी धापा टाकत बसलो, चढलो, बसलो. चारशे हा आकडा मी हजारदा लिहिला असेल. त्यासाठी घाम मात्र पहिल्यांदा गाळला.

वर पोचल्यावर तटाच्या कडेला उभा राहिलो. खाली भाजे म्हणजे चिमूटभर छपरं. मळवलीचं स्टेशन, द्रुतगती मार्ग, नदीची रेघ. मी डोळ्यांनी दरी पाण्याने भरून पाहिली. माझ्या पायांशी लाटा. खाली जसजसं जावं तसतसा उजेड कमी. लेण्यांच्या पातळीला निळसर अंधार, गावात जवळजवळ काळोख. थंडी. पाण्यात प्राणवायू बेताचा. वरून पडेल ते खायचं, किंवा चिखलावरच्या बारक्या कोळंब्या टिपायच्या. म्हणून ते डोळे एवढे मोठे, आणि बाहुली गोल नव्हे, थेंबासारखी पुढे ओढलेली, समोरून येणारा उजेडाचा कणही वाया जाऊ नये म्हणून. खोल पाण्यातले कित्येक मासे वर ओढताना पोटातल्या हवेच्या पिशवीमुळे फुगतात, पोट तोंडावाटे बाहेर येतं. हिरवडोळ्याला ती पिशवीच नाही. म्हणून ते चौघं वर आले तेव्हा त्यांचे चेहरे शांत होते. हे सगळं मला पाठ होतं. पण पाठ असणं आणि त्याच्या अंगणावर चारशे मीटर उंच उभं राहणं, यात फरक आहे.

“अकरा वाजले,” वैशाली म्हणाली. “बघा आता.”

खाली, त्या चिमटीतून, एक ठिणगी चमकली. विझली. पुन्हा चमकली.

“बाबांची परात,” ती हसत म्हणाली. “उन्हात धरलीय.”

आदल्या दिवशी मीच त्यांना सांगितलं होतं की या माशाच्या गुदद्वारापाशी एक बारकी गाठ असते, तिच्यात उजेड देणारे जंतू राहतात. अंधारात एकमेकांना ओळखायला तो दिवा उपयोगी पडत असावा. त्यावर किसनभाऊ म्हणाला होता, “जायचं फुडं आन् दिवा मागं? सरकारी जहाजागत झालं.” आता तो खालून तोच दिवा दाखवत होता. मी वरून दोन्ही हात हलवले. त्याला दिसणं शक्य नव्हतं. मी तरी बराच वेळ हलवत राहिलो.

अंगणात

दुपारी उतरलो तेव्हा हिराबाई अंगणात सुपात तांदूळ घेऊन बसल्या होत्या, नव्या भाताचे. मी धीर करून विचारलं, “किसनभाऊ, या माशाचं डोकं उघडू का? एक गोष्ट पाहायची आहे.”

माशाच्या डोक्यात, कानाच्या जागी, दोन खडे असतात. झाडाच्या खोडाला असतात तशी त्यांच्यात कडी पडत जातात आणि ती मोजून वय काढता येतं. माझ्या बरणीतल्या तिघांची डोकी मी निवृत्त होण्यापूर्वी उघडली होती. आत नुसता चुरा. ज्या द्रावणात मी ते जपले, ते वर्षानुवर्षांत आंबट होत गेलं आणि त्यानेच खडे खाल्ले. म्हणजे माशांचं खरं नुकसान कुणी केलं, हे वाचकांनीच ठरवावं. मिठात मात्र खडे टिकतात.

“उघडा,” तो म्हणाला. “त्याचसाठी ठेवलाय. किती वर्सांचा व्हता, त्ये मला बी कळू दे.”

हिराबाईंची सुई घेतली. कवटीचं हाड पापडासारखं मोडलं. पहिला खडा अलगद तळहातावर आला, शुभ्र, अखंड. मी इतका खूश झालो की दुसऱ्याला जोर जास्त लागला. तो उडाला आणि सुपात पडला.

सुपात तांदूळ. इंद्रायणीचे, नेमके त्याच मापाचे, त्याच रंगाचे.

मी सुपावर ओणवा झालो. चष्मा घामाने भरला. बोट घालणार, तोच हिराबाईंनी माझा हात बाजूला केला.

“सरा तिकडं. भिंग लावून तुमास्नी जमायचं न्हाई.”

त्यांनी सूप उन्हाकडे कलतं केलं, एकदा पाखडलं, अंगठ्याने तांदूळ पुढे सारत गेल्या. ओठ हलत नव्हते, मान हलत नव्हती. मी मोजलं नाही, पण फार तर चार श्वास झाले असतील. बोटाच्या टोकावर तो चिकटवून त्यांनी माझ्यासमोर धरला.

“आक्खा जलम तांदळातलं खडं काढलं,” त्या म्हणाल्या. “ह्यो माशाचा बी निघाला. घ्या.” आणि पहिल्यांदा हसल्या.

मी तेव्हाच, त्या खुशीत, आणखी एक माहिती देऊन टाकली : या माशात नर-मादी वेगळे नसतात, एकाच्याच पोटात दोन्ही असतं. हिराबाई सूप पाखडत म्हणाल्या, “म्हंजी भाकरी थापायची बी त्यानंच आन् रागं भरायचं बी त्यानंच. बरं हाय की.” किसनभाऊ इतका हसला की त्याला पाणी द्यावं लागलं.

दोन खडे. एक त्यांनी ठेवला, जहाजाच्या फोटोच्या चौकटीत, काचेआड. एक मला दिला. मासा मात्र मी मागितला नाही. मी तो कागदात बांधायला जात नाही हे पाहून किसनभाऊनेच विचारलं, “न्हेत न्हाई व्हय?” मी म्हणालो, “त्याला ऊन दाखवायला मला नाही जमायचं.” वैशालीने डबा पुन्हा चुलीवर टांगला.

घरी

रत्नागिरीला आल्यावर जुन्या कचेरीतल्या ओळखीने सूक्ष्मदर्शक मिळाला. खडा घासून पातळ केला, तीन दिवस पाहिला. एकेक कडं म्हणजे एकेक वर्षच, असं या माशाबाबत छातीठोकपणे सांगता येत नाही, हे आधी नमूद करतो. पण कडी स्वच्छ होती. सात.

फोन केला. “किसनभाऊ, सात वर्षांचा असावा.”

मग तो म्हणाला, “मी बी जहाजावर सातच वर्सं काढली.”



“म्हंजी मी चढलो त्या साली जलमला,” तो हिशोब लावत म्हणाला. “आन् एकाच खेपंला दोगं बी दर्यातनं भाईर निगालो.” आवाजात तक्रार नव्हती. असती तर मला सोपं गेलं असतं.

मग त्याने विचारलं, “लिवलं का?”

आता लिहितो. गेल्या वर्षी याच अंकात मी छापलं की चौथा हिरवडोळ्या आमच्या जहाजाच्या आचाऱ्याने खाल्ला. ते खोटं आहे. चौथा हिरवडोळ्या मावळात भाजे गावी आहे. तो मी हलगर्जीपणाने नासवत होतो, आणि किसनभाऊंनी तो वाचवला.